शोभेच्या ठासणीच्या पिस्तुलाचा तुटलेला दस्ता कसा जोडायचा

भिंतीवरचं पिस्तूल खाली पडतं आणि दस्ता नेमका मानेत तुटतो. नळीला काही होत नाही, फार तर मुठीच्या पितळी टोपीला पोचा येतो, पण लाकडाचे दोन तुकडे. मग घरातलं कुणीतरी लगबगीनं फेविक्विकची ट्यूब आणतं आणि खरी अडचण तिथून सुरू होते. माझ्या टेबलावर आलेल्या दस्त्यांपैकी बहुतेक एकदा जोडून पुन्हा तुटलेले होते. दुसऱ्यांदा तुटलेलं जोडायला पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो, कारण निम्म्याहून जास्त वेळ आधीची दुरुस्ती काढण्यात जातो.

चिकटवणं हे या कामातलं पाचवं पाऊल आहे. लोक ते पहिलं करतात.

दस्ता मानेतच का तुटतो, ते कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. मान म्हणजे नळी संपून मूठ खाली वळते तो बारीक भाग. लाकडाच्या रेषा नळीला समांतर सरळ जातात. मूठ मात्र वळते, त्यामुळे वळणावर रेषा आडव्या कापल्या जातात. त्यातच उजवीकडून लॉकचा खळगा, खालून चापाची खाच आणि वरून नळीच्या शेपटीचा स्क्रू. सगळी पोकळी एकाच ठिकाणी. जिथे लाकूड सर्वांत कमी, तिथेच रेषाही सर्वांत तोकड्या.

काही शब्द आधीच ठरवून घेऊ. पूर्ण लाकडी भाग तो दस्ता, नळी बसते ती पन्हळ, नळीच्या मागून निघून मानेवर बसणारी पट्टी ती शेपटी, चकमकीचा घोडा आणि कमानी ज्या पट्टीवर असतात ते लॉक, चापाभोवतीचं ते कडं, नळीखाली खोचलेली काठी तो गज.

## १. आधी हे काय आहे ते ठरवा

हा लेख शोभेच्या, बार उडूच शकत नाही अशा नकलेसाठी आहे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात तशी, नळी आतून भरीव किंवा मागून कानाचं भोक (दारूला आग पोचवणारं बारीक छिद्र) पाडलेलंच नाही अशी. नाटकाच्या सामानातली पिस्तुलंही यातच आली.

नळी खरोखर पोकळ असेल आणि मागच्या टोकाशी बाजूला बारीक भोक असेल, तर थांबा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती हासुद्धा परवान्याचा विषय आहे, नुसतं बाळगणंच नव्हे. वस्तू खरोखरची जुनी असेल तर दुसरी गोष्ट: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूवर एपॉक्सी आणि पोलिश पेपर चालवणं म्हणजे तिचं मोल आपल्या हातानं घालवणं. ती जाणकाराकडे द्या.

नळीबद्दल खात्री नसेल तर एक साधी तपासणी आहे. तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून एक बारीक लाकडी काठी अलगद आत सोडा. तोंडाशी पेन्सिलीनं खूण करा. मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा. काठी कानाच्या भोकाच्या खूप अलीकडे अडली असेल, तर आत काहीतरी आहे. कदाचित कागदाचा बोळा असेल, कदाचित आजोबांच्या काळातली दारू.

इशारा: आत काही असल्याचा संशय आला तर काठीनं टोकरू नका, पाणी ओतू नका, तापवू नका. वस्तू बाजूला ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा.

## २. तुकडे गोळा करा, मग सुटे करा

पिस्तूल जिथे पडलं तिथली फरशी झाडू नका. आधी टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघा. सावली पडली की बारीक ढलप्याही दिसतात. नखाएवढी ढलपी हरवली तर तिच्या जागी लाकूड घडवून बसवायला एक संध्याकाळ जाते. सगळ्या ढलप्या एका डबीत ठेवा. तुटलेली तोंडं एकमेकांवर लावून “बसतंय का” असं दहा वेळा बघू नका. दरवेळी कडेचे तंतू दबतात आणि सांधा थोडा सैल होतो.

आता सगळं धातूकाम काढायचं. “फक्त मूठच तुटली आहे, लॉक कशाला काढू?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कारण सरळ आहे. चिकट लॉकच्या खळग्यात झिरपलं तर कमानी अडकतात आणि घोडा दस्त्याला कायमचा चिकटतो.

काढायचा क्रम असा. आधी गज. मग नळीच्या शेपटीचा स्क्रू. नळी दस्त्याला आडव्या पिनांनी धरलेली असेल, तर त्या बारीक पंचनं हलकेच ठोकून बाहेर काढा. कोणती पिन कुठल्या बाजूनं निघाली ते लिहून ठेवा, ती तशीच परत जायला हवी. नळी वर उचलताना पुढचं टोक आधी सोडवा. त्यानंतर लॉकचे आडवे स्क्रू तीनेक फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. त्यांच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं हळू टकटक केलं की लॉक स्वतःहून बाहेर सरकतं. पटाशी घालून लॉक उचकटलं तर खळग्याची कड तुटते, आणि ती कड समोरूनच दिसते. कडं आणि टोपी शेवटी.

स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा. सैल बसत असेल तर त्याचं टोक कानशीनं घासून जुळवा. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, मग फिरवा.

इशारा: गंज सुटावा म्हणून रॉकेल किंवा तेलाचा फवारा मारू नका. तेल लाकडात मुरून तुटलेल्या तोंडापर्यंत पोचलं की तिथे काहीच धरत नाही.

पुठ्ठ्यावर पिस्तुलाचं ओबडधोबड चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू चित्रातल्या त्याच्या जागी खोचून ठेवा. दोन स्क्रू सारखे दिसतात पण एक दोन मिलिमीटरनं लांब असतो, आणि चुकीच्या भोकात गेला की टोक लाकूड फोडून बाहेर येतं.

## ३. तुटलेली तोंडं साफ करा, पण घासू नका

सर्वांत जास्त दस्ते या टप्प्यावर बिघडतात. तुटलेलं तोंड खडबडीत दिसतं, म्हणून माणूस पोलिश पेपर घेऊन ते गुळगुळीत करतो. असं कधीही करू नका. तो खडबडीतपणाच तुमचा सांधा आहे. दोन्ही तोंडांवरचे उंचसखल भाग किल्ली-कुलपासारखे एकमेकांत बसतात. ते घासले की मध्ये फट राहते, मूठ एक-दोन मिलिमीटर आखूड होते आणि लॉकचा खळगा जुळत नाही.

नवी तूट असेल तर मऊ दातघाशीनं धूळ झाडा, बस. हात लागून तेलकट झाली असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या दातघाशीनं दोन-तीनदा पुसा आणि तासभर वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवाचा दिवा किंवा गॅस पेटता नको.

आधी जोडलेला दस्ता असेल तर आधी कशानं जोडला होता ते ओळखा:

- पिवळट, काचेसारखा ठिसूळ आणि ओल्या बोटाला चिकट होणारा थर म्हणजे प्राण्यांच्या कातड्याचा सरस. कोमट पाण्याच्या फडक्यानं सुटतो.
- पांढरट, रबरासारखा थर म्हणजे फेविकॉलच्या जातीचा डिंक. कोमट व्हिनेगरनं मऊ पडतो, मग बोथट सुरीनं खरवडा.
- कठीण, पारदर्शक, लाकडात मुरलेला थर म्हणजे फेविक्विक. ॲसिटोननं वरचा थर जातो, पण छिद्रांत गेलेला सहसा राहतो. म्हणूनच मी लाकडासाठी फेविक्विक दारातही उभं करत नाही. ते ठिसूळ असतं, धक्का सोसत नाही, आणि पुढच्या चिकटाची वाटही बंद करतं.
- एपॉक्सी असेल तर ड्रायरनं किंवा हीट गननं बेतानं तापवून मऊ करा आणि खरवडा. लाकूड करपू देऊ नका.

तपासा: साफ केलेल्या तोंडावर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो काही क्षणांत मुरला तर लाकूड उघडं आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा जुनं चिकट अजून आहे. पाणी लावलं असेल तर पुढचं काम दुसऱ्या दिवशी.

## ४. कोरडी तालीम

चिकट हातात घेण्याआधी सगळं एकदा कोरडं बांधून बघायचं. चिकट लावल्यावर “शिकंजा (क्लॅम्प) बसत नाही” असं लक्षात आलं तर उपाय उरत नाही.

अडचण ही की पिस्तुलाच्या दस्त्यावर एकही सपाट जागा नसते. सरळ शिकंजा मुठीवरून घसरतो. त्यासाठी सायकलची जुनी ट्यूब घ्या आणि तिच्या साधारण २५ मिलिमीटर रुंद, मीटरभर लांब पट्ट्या कापा. ही पट्टी ताणून मुठीभोवती आणि कड्याच्या जागेभोवती आठच्या आकड्यात गुंडाळली की ती सगळीकडून सारखा दाब देते. शिकंजा लागणारच असेल तर मुठीच्या टोकावर प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून त्यावर एमसीलचा गोळा दाबा. तो कडक झाला की मुठीच्या वळणाचा साचा मिळतो. त्याची बाहेरची बाजू सपाट घासून शिकंज्याखाली ठेवा.

मान सरळ बसली की नाही, हे डोळ्यानं कळत नाही. कळतं ते नळीवरून. नळीला स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळा आणि पन्हळीत बसवून शेपटी तिच्या खाचेत येते का ते बघा. शेपटी एका बाजूला दाबली जात असेल तर मूठ फिरलेली आहे. चिकटवतानाही नळी अशीच आत ठेवायची. दस्त्याला तिच्याइतकी चांगली सरळपट्टी दुसरी मिळणार नाही.

काही जण चिकट लागू नये म्हणून नळीला मेण फासतात. मेण उत्तम काम करतं, पण त्याच हातानं तुटलेलं तोंड धरलं तर सांधा गेला. म्हणून मी फिल्मवर भागवतो.

तपासा: कोरडं बांधल्यावर सांध्यावरून नख फिरवा. नख अडत असेल तर एखादी ढलपी उलटी बसली आहे किंवा आत खडा आहे. जोर लावून दाबू नका, उघडा आणि शोधा.

## ५. आता चिकट

तोंडं स्वच्छ आणि घट्ट बसणारी असतील तर फेविकॉलच्या वर्गातला पाण्याला तोंड देणारा लाकडी डिंक पुरतो. तंतू विस्कटले असतील, मध्ये फटी असतील किंवा लाकडात जुनं तेल असेल, तर सावकाश वाळणारं दोन ट्यूबांचं एपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको. तेवढ्या वेळात ट्यूबची पट्टीसुद्धा गुंडाळून होत नाही.

डिंक दोन्ही तोंडांना पातळ लावा, लाकूड पिऊन घेईल म्हणून मिनिटभर थांबा, पुन्हा एक हलका हात द्या, मग जोडा आणि कसून बांधा. एपॉक्सीचं उलट. पॅकेटवर सांगितलेल्या प्रमाणात नीट मिसळा, चपट्या काडीनं खाचांत भरा आणि बेतानंच बांधा. एपॉक्सीचा सांधा फार आवळला तर सगळं चिकट बाहेर येतं आणि आत कोरडी फट राहते.

बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं पुसू नका. पातळ डिंक आजूबाजूच्या छिद्रांत जातो आणि तिथे पुढे रंग चढत नाही. अर्ध्या तासानं तो चीजसारखा झाला की पटाशीनं उचला. एपॉक्सी मात्र ओलं असतानाच स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घ्या.

नंतर २४ तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात, आणि कोकणात असाल तर विशेषच, ४८ तास धरा. जून ते सप्टेंबर हे काम टाळता आलं तर उत्तम. फुगलेल्या लाकडात जुळवलेला सांधा दिवाळीनंतर लाकूड आकसलं की उघडतो.

## ६. आतली खुंटी, लागत असेल तरच

तूट लांब आणि तिरकी असेल, म्हणजे तुटीची लांबी मानेच्या जाडीच्या तिप्पट किंवा जास्त असेल, तर भिंतीवरच्या पिस्तुलाला नुसतं चिकट पुरतं. तूट आखूड आणि आडवी असेल तर खुंटी हवीच.

खुंटी म्हणजे खिळा नव्हे. लोक बाहेरून स्क्रू मारतात आणि मानेचं उरलंसुरलं लाकूडही फाडतात. मी ४ मिलिमीटरची आटे पाडलेली पितळी सळई वापरतो. पितळ गंजत नाही आणि आट्यांत एपॉक्सी धरून बसतं.

इथला क्रम महत्त्वाचा आहे: आधी जोडा, वाळू द्या, मग भोक पाडा. दोन तुकड्यांत वेगवेगळी भोकं पाडून ती जुळवायचा मोह टाळा. पाव मिलिमीटर चुकलं तरी सांधा बंद होत नाही.

भोक अशा जागेतून सुरू करा जी नंतर धातूखाली झाकली जाईल. बहुतेक वेळा ती नळीच्या शेपटीची खाच असते. पण भोक जाणार कुठून, ते आधी कागदावर काढा. दस्ता कागदावर आडवा ठेवून बाहेरची कड गिरवा, त्यात शेपटीचा स्क्रू, चापाची खाच आणि लॉकचा खळगा मोजून दाखवा, मग सळईची रेघ ओढा. रेघ स्क्रूला छेदत असेल तर भोक लॉकच्या विरुद्ध बाजूला थोडं सरकवा. तुटीच्या दोन्ही बाजूंना सळई निदान २५ मिलिमीटर लाकडात जायला हवी. तेवढी जागाच नसेल तर खुंटी सोडून द्या आणि पिस्तूल फक्त शोभेला ठेवा.

आधी २ मिलिमीटरचं भोक, मग साडेचारचं. हव्या त्या खोलीला ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळा. शक्य असेल तर बाजूला कुणाला तरी उभं करा आणि ड्रिल सरळ आहे का ते त्याला बघायला सांगा. एका बाजूची चूक ड्रिल धरणाऱ्याला दिसतच नाही. भोकात एपॉक्सी भरून सळई हळूहळू फिरवत आत घाला.

इशारा: सळई ठोकू नका. खाली अडकलेल्या हवेला आणि एपॉक्सीला जायला जागा नसली की तो दाब लाकूड फोडतो. सळईच्या एका बाजूला कानशीनं उभी खाच घासून ठेवली की जादा चिकट त्यातून वर येतं.

## ७. हरवलेले तुकडे

एक-दीड मिलिमीटरपेक्षा बारीक फट असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा भुसा एपॉक्सीत मिसळून भरा. त्याहून मोठ्या जागेला लाकूडच हवं. भुशाची लांबी, म्हणजे पुट्टी, मोठ्या जागेत डागासारखी दिसते, कारण तिला रेषा नसतात.

हरवलेल्या तुकड्याच्या जागेची कड सरळ कापून घ्या, ओबडधोबड खड्ड्यात ओबडधोबड तुकडा बसत नाही. नव्या तुकड्याच्या रेषा दस्त्याच्या दिशेनंच जायला हव्यात. तुकडा थोडा मोठा ठेवून चिकटवा आणि वाळल्यावर कानशीनं बेताबेतानं उतरवा. लाकूड शिसम आहे की आंब्याचं, ते दस्त्याच्या आतल्या, पॉलिश न केलेल्या भागात बघा. वरचा गडद रंग बहुतेक वेळा रंगच असतो.

## ८. रंग आणि पॉलिश

सांध्याच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभरच घासा. सगळा दस्ता नवा करायला गेलात तर कोरीव कामाच्या कडा गोल होतात. १८० चा पेपर, मग २४०. ओल्या फडक्यानं एकदा पुसा, वाळल्यावर तंतू उभे राहतील, ते ३२० नं हलकेच घ्या.

रंग आधी आतल्या बाजूला लावून बघा, आणि वाळेपर्यंत थांबा. ओला रंग नेहमी गडद दिसतो. रेषांची कापलेली तोंडं जास्त रंग पितात, त्यामुळे मानेवर रंग पातळ करून दोनदा द्या. त्यावर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्या किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार अगदी पातळ थर द्या, प्रत्येकात एक दिवस ठेवून. जाड थर दिला तर तेल चिकटच राहतं आणि त्यावर धूळ बसते.

इशारा: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना ते स्वतःहून तापतं आणि पेट घेऊ शकतं. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

## ९. परत जुळवणी आणि टांगणं

उलट्या क्रमानं जा: टोपी आणि कडं, लॉक, नळी, आडव्या पिना, शेपटीचा स्क्रू, शेवटी गज. लॉक आत जात नसेल तर दाबू नका. खळग्यात कुठेतरी चिकटाचा थेंब असेल. लॉकच्या मागच्या बाजूला काजळ लावा, बसवून काढा, आणि खळग्यात काळं उमटेल तिथेच पटाशीनं घ्या. स्क्रू बोटांच्या जोरानं घट्ट झाले की पुरे. शेपटीचा स्क्रू आवळत राहिलात तर तो मान वरून खाली दाबतो, म्हणजे जिथे जोडलं तिथेच.

पिस्तूल कड्यातून खिळा घालून टांगायची पद्धत घराघरात आहे, आणि बरेच दस्ते त्यामुळेच पडून तुटतात. दोन आधार द्या, एक नळीच्या पुढच्या तिसऱ्या भागाखाली आणि एक मुठीच्या टोपीच्या वर, दोन्हीवर कातड्याचा किंवा फेल्टचा तुकडा. खिळे प्लास्टरमध्ये नकोत, विटेत प्लग मारून स्क्रू लावा.